कोकणातल्या पोरांनो, अग्निवीरची तयारी धावण्याने सुरू करू नका

गणपती विसर्जन झालं की आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, अग्निवीर म्हणून सैन्यात चार वर्षांसाठी जायची तयारी करायला दरवर्षी पाच-सहा नवीन पोरं येतात. पायात नवे बूट आणि पहिला प्रश्न एकच, काका, सोळाशे मीटर किती मिनिटात मारायला लागतंय? मी सांगतो, उद्या येताना दहावीचं मार्कलिस्ट, शाळेचा दाखला आणि आधार घेऊन ये, धावायचं नंतर बघू. तोंडं पडतात त्यांची. पण सैन्यात सतरा वर्षं नोकरी करून आणि त्यानंतर इतकी वर्षं पोरं तयार करून मला एक गोष्ट पक्की कळलीय, भरतीत घेतात शेवटी, त्याच्या आधी फक्त काढतात. प्रत्येक टेबलावर बसलेल्या माणसाचं काम हेच की तुम्हाला घरी पाठवायचं एखादं कारण सापडतंय का ते बघायचं. उंचीच्या दांड्याला एक, कागदाच्या टेबलावर दुसरं, मेडिकलला तर शंभर. ती कारणं आपण घरी बसून आधीच संपवायची, भरतीची तयारी म्हणजे मुळात हे.

माझंच सांगतो. २००० साली मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मैदान आधी आणि लेखी नंतर असायची. रन झाला, बीम म्हणजे पुलअप्स झाले, पोटात नुसता आनंद, आणि कागदाच्या टेबलावर सुभेदार साहेबांनी माझा दाखला फिरवून माझ्यासमोर धरला आणि बोट ठेवलं. जन्मतारीख आकड्यात १२ आणि त्याच्याच खाली अक्षरात एकवीस. शाळेत लिहिणाऱ्याच्या हातून झालेली चूक, आणि पाच वर्षं तो कागद आमच्या पेटीत होता पण आम्ही घरातल्या कुणी तो कधी वाचलाच नव्हता. साहेब ओरडले पण नाहीत, म्हणाले दुरुस्त करून पुढच्या वेळी ये. पुढची वेळ म्हणजे एक अख्खं वर्ष. ते वर्ष मी चिऱ्याच्या खाणीवर काढलं. म्हणून पोरांचे कागद मी स्वतः वाचतो, एकेक अक्षर.

तर कागद. पाया म्हणजे दहावीचं बोर्डाचं सर्टिफिकेट, बाकी सगळं त्याच्याशी जुळलं पाहिजे. तुमचं नाव, वडलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, इंग्रजी स्पेलिंगसकट. आपल्याकडे वडील शाळेत रामचंद्र असतात, आधारवर राम आणि रेशनकार्डावर आबा, आणि घरात सगळे म्हणतात की माणूस तोच आहे ना. माणूस तोच आहे पण कागदावर ती तीन माणसं झाली. आईचं पण तसंच, माहेरचं नाव एकीकडे आणि सासरचं दुसरीकडे. शक्यतो आधार दुरुस्त करून बोर्डाच्या सर्टिफिकेटसारखं करून घ्या, उलटं करायला जाऊ नका कारण बोर्डाची दुरुस्ती शाळेतून फिरत फिरत जाते आणि फार वेळ खाते. आणि आधारवर नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, तेव्हा घाईत चुकीचं टाकून यायचं नाही, पावती हातात आली की खिडकीसमोरच उभं राहून वाचायची.

अधिवास दाखल्याचा घोळ आपल्या कोकणात जास्त आहे आणि त्याला कारण आपलं चाकरमानी जगणं. पोरगं शिकलं नालासोपाऱ्याला, रेशनकार्ड दिव्याचं, घर राजापूरला आणि आता आजीजवळ राहून तयारी करतंय. मग फॉर्म कुठून भरायचा? रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्याची पोरं कोल्हापूरच्या आर्मी भरती कार्यालयाखाली येतात, रायगड, ठाणे, पालघर आणि मुंबईची पोरं मुंबईच्या. तुमचा अधिवास दाखला ज्या जिल्ह्याचा तिथूनच फॉर्म. दोन्हीकडून भरून बघतो, कुठेतरी लागेल, असं करायला गेलात तर दोन्हीकडून जाल. दाखला सेतूत अर्ज करून तहसीलमधून मिळतो, जातीचा दाखला नसेल तर तोही सोबतच टाका, आणि हे सगळं दिवाळीच्या आत उरकायचं कारण जाहिरात आली की सेतूबाहेर रांग लागते आणि नेमका तेव्हाच सर्वर बंद असतो.

पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र आणि ग्रामपंचायतीचा चारित्र्य दाखला, अविवाहित असल्याचा दाखला, हे मात्र आधी काढून ठेवू नका. ते सहा महिन्याच्या आतले लागतात, म्हणून मैदानाचं प्रवेशपत्र आल्यावर काढा. फोटो पांढऱ्या बॅकग्राउंडचे, ताजे, वीस प्रती तरी हव्यात, दाढी करून आणि केस बारीक करून काढलेले. मोबाईलमधला फोटो फिल्टर लावून छापून आणलेला चालत नाही.

कागद झाले की मेडिकल. पोरं हे सगळ्यात शेवटी बघतात, आणि मला सगळ्यात वाईट वाटतं ते इथे, कारण वर्षभर घाम गाळलेलं पोरगं अशा गोष्टीवरून परत येतं जी डॉक्टरने दहा मिनिटात सांगितली असती. घरच्या घरी काय बघता येतं ते आधी बघा. पाय ओला करून कोब्यावर उभे राहा, पूर्ण तळव्याचा ठसा आला, मध्ये कमानीची जागा सुटलीच नाही तर सपाट पायाची शंका आहे. मग चवड्यावर उभं राहून कमान येते का ते बघा आणि हाडाच्या डॉक्टरला दाखवा. गुडघे एकमेकांना टेकवून उभे राहा, घोट्यांमध्ये चांगलंच अंतर राहत असेल तर ते नॉक नी, ते पण दाखवून घ्या. कानात मळ असेल तर पडदा दिसत नाही आणि तिथेच अडकवतात, सरकारी दवाखान्यात कानाच्या डॉक्टरकडून साफ करून घ्या, स्वतः पिन घालू नका. दात किडलेले असतील ते भरून घ्या, दातांचे पॉइंट मोजतात आणि १४ लागतात. चष्म्याशिवायची नजर आणि रंग ओळखण्याची टेस्ट दोन्ही करून घ्या, रंगांधळेपणा असला तर तो माणसाला स्वतःला कळतच नाही, ठिपक्यांच्या पुस्तकातला आकडा वाचता येत नाही तेव्हाच कळतो.

एक गोष्ट पोरं लाजून सांगत नाहीत. हर्निया, हायड्रोसील, व्हेरिकोसील, मूळव्याध. मेडिकलला सगळे कपडे काढून तपासतात, तिथे काही लपत नाही. यातल्या बऱ्याच गोष्टी वेळेत ऑपरेशन करून घेतलं आणि जखम नीट भरली तर अडचण राहत नाही, पण ऑपरेशन आणि मेडिकल याच्यामध्ये काही महिने जावे लागतात, म्हणून आत्ताच जिल्हा रुग्णालयात जाऊन दाखवा. आईला सांगायला लाज वाटत असेल तर मला सांगा, मी येतो सोबत, आत्तापर्यंत चार-पाच जणांना घेऊन गेलोय.

आणि गजकर्ण. आपली हवा दमट, पावसात कपडे वाळत नाहीत, ओली चड्डी घालून पोरं धावतात आणि जांघेत चट्टे उठतात. मालवणकडचा एक पोरगा माझ्याकडे राहायला होता, म्हणायचा काय्येक होवचा नाय काका, पावडर लावतंय. मेडिकल दुकानातून ती पटकन आराम देणारी मलमं लावून लावून त्याने ते पोटापर्यंत नेलं. स्टिरॉइडवालं मलम खाज थांबवतं पण बुरशी आतून पसरते. त्वचेच्या डॉक्टरकडे जायचं, सांगतील तितके आठवडे गोळ्या-मलम पूर्ण करायचे, धावून आल्यावर लगेच कोरडं व्हायचं, चड्डी चुलीच्या वरच्या दोरीवर वाळवायची नाहीतर इस्त्री करायची, टॉवेल कुणाला द्यायचा नाही. एवढं केलं आणि तो बरा झाला, आज तो नोकरीत आहे.

टॅटूचं पण आत्ताच सांगतो, कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या मागच्या बाजूला चालतो, दंडावर, छातीवर, मानेवर काढलात तर गेलात. आदिवासी जमातींच्या रूढीप्रमाणे गोंदलेलं असेल त्यांना वेगळी सूट आहे. जत्रेत हौसेने दंडावर महाराज काढून घेण्याआधी एकदा विचार करा.

आता धावणं. जनरल ड्युटीला, म्हणजे जीडीला, साध्या शिपायाच्या जागेला, १.६ किलोमीटर, साडेपाच मिनिटाच्या आत आलात तर ६० मार्क, ५ मिनिटं ४५ सेकंदापर्यंत ४८. २०२५ पासून पुढे आणखी दोन गट दिलेत, सहा मिनिटांपर्यंत ३६ आणि सव्वासहापर्यंत २४, पण त्या भरवशावर राहू नका. बीमला दहा मारले तर ४०, नऊला ३३, आठला २७, सातला २१, सहाला १६. बघा, एकेक बीम पाच-सात मार्काचा आहे, आणि पोरं सगळा जीव धावण्यात घालतात आणि बीमला सहावर लटकतात. शिवाय ९ फुटाचा खड्डा उडी मारून पार करायचा आणि झिगझॅग बॅलन्सवरून चालायचं, त्याला मार्क नाहीत पण पास व्हावंच लागतं. महाराष्ट्राला जीडीची उंची १६८ सेंटीमीटर, छाती ७७ आणि फुगवून ५ जास्त. छाती फुगवायची पण प्रॅक्टिस करावी लागते, श्वास भरून धरता आला पाहिजे, नाहीतर टेप लावताना पोरं खांदे उचलतात आणि छाती तिथेच राहते.

सोळाशे म्हणजे चारशेच्या ट्रॅकवर चार राउंड. आमच्याकडे ट्रॅक कुठला, म्हणून सड्यावर दोरीने मोजून चुन्याने आखलाय. सगळ्यांची चूक एकच, पहिला राउंड जीव तोडून. गेल्या वर्षी पोरा-पोरींच्या बॅचमधला सगळ्यात दमदार पोरगा पहिला राउंड ६८ सेकंदात आला, मी घड्याळ बघून गप्प बसलो, तिसऱ्या राउंडला त्याची मान मागे गेली, मुठी आवळल्या, पाय जमिनीला घासायला लागले, आणि तो ५ मिनिटं ५२ ला आला. दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं पहिला ७८ च्या आत आलास तर मी शिट्टी मारून थांबवणार. मग ७८, ८२, ८६ आणि शेवटचा ८० असा धावला, बेरीज करा, ५ मिनिटं २६. दम तोच, पाय तेच, फक्त वाटणी बदलली. रॅलीत, म्हणजे भरतीच्या मैदानावर, शेकड्याने पोरं एकत्र सोडतात, सुरुवातीला कोपरं लागतात, पोरं पडतात, म्हणून पहिल्या शंभर मीटरला थोडं बाहेरून घ्या आणि आपल्या लयीवर राहा.

किनाऱ्यावरच्या पोरांना वाटतं पुळणीसारखं, म्हणजे समुद्राच्या वाळूसारखं, दुसरं मैदान नाही. खरंय, पण ती कशी वापरायची ते कळलं पाहिजे. सुकतीला पाणी मागे गेल्यावर जी ओली घट्ट वाळू राहते तिच्यावर धावा, वरच्या मऊ भुसभुशीत वाळूत रोज धावलात तर पोटऱ्या आणि टाचेची शीर धरते. पुळण एका बाजूला उतरती असते, म्हणून जाताना जेवढं तेवढंच येताना, नाहीतर एकाच गुडघ्यावर भार येतो. आणि आठवड्यातून दोनदा तरी कडक जमिनीवर वेळ लावा, वाळूवरचा वेळ रॅलीत उपयोगाचा नाही. पावसात कातळावर शेवाळ धरतं, तिथे अजिबात नको, डांबरी रस्त्यावर पहाटे गाड्या सुरू व्हायच्या आधी धावा किंवा शाळेच्या पडवीत बैठका, सूर्यनमस्कार, दोरीच्या उड्या. घाटीचा चढ आठवड्यातून एकदा, तेवढ्याने मांडीत ताकद येते.

बीमसाठी जिम नको. दोन फणसांच्या मध्ये जाडसर जीआय पाईप बांधा. हात पूर्ण सरळ सोडून खाली यायचं आणि हनुवटी वर न्यायची, झोका घेऊन मारलेले मोजत नाहीत. आठवड्याला एक वाढला तरी दिवाळी ते शिमगा दहा होतात. पहाटे दवाने पाईप ओला असतो, मुद्दाम तसाच ओला ठेवून पण मारायची सवय करा कारण तिथे पण पहाटच असते.

खाण्याचं फार विचारतात. घरात जे आहे तेच, सकाळी उकड्या तांदळाची पेज, नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, बांगडा, सुकट, अंडी, गूळ-शेंगदाणे. पावडरचे डबे आणि त्यातून पुढे इंजेक्शन, हे तुम्हाला कुणी जिममधला माणूस सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहा, ताकद वाढवायची औषधं घेतलेली सापडली तर बाद.

हल्ली २०२३ पासून लेखी आधी आणि मैदान नंतर. ऑनलाइन सीईई, म्हणजे सगळ्यांची सामाईक लेखी परीक्षा, कॉम्प्युटरवर. जीडीला एका तासात ५० प्रश्न, प्रत्येकी २ मार्क, चुकलं की अर्धा मार्क कट. म्हणजे लेखीत उडालात तर तुमचं धावणं कुणी बघणारच नाही. २०२५ पासून पेपर मराठीतून पण देता येतो, फॉर्म भरताना भाषा निवडायची असते, ती बघून निवडा. पाचवी ते दहावीची विज्ञान आणि गणिताची आपलीच बोर्डाची पुस्तकं पहिल्यांदा वाचा, शेकडेवारी, काळ-काम-वेग, सरासरी, नफा-तोटा, आणि मग प्रश्नसंच. ज्यांनी कधी माऊस धरला नाही त्यांनी चार-पाच मॉक टेस्ट कॉम्प्युटरवर द्या, मोबाईलवर नाही. जीडीला दहावी ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ लागतात. टेक्निकलला बारावी सायन्स. ट्रेड्समनमध्ये काही कामांना आठवी पास पण चालतं. एनसीसीचं सर्टिफिकेट असेल तर बोनस मार्क मिळतात, कॉलेजात असाल तर एनसीसी सोडू नका.

फॉर्म गेल्या काही वर्षांत फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान सुटतोय, म्हणजे आपला शिमगा. सरकारी वेबसाइटवरच भरायचा, जिच्या नावाच्या शेवटी डॉट एनआयसी डॉट इन आहे. फी २५० रुपये. सायबरवाल्याकडे गेलात तरी मोबाईल नंबर आणि ईमेल स्वतःचाच टाका. आमच्याकडच्या एका पोराचा फॉर्म दुकानवाल्याने स्वतःच्या ईमेलवरून भरला, प्रवेशपत्र त्याच्या ईमेलला आलं, तो गावी लग्नाला गेलेला, पोराला कळलं तेव्हा परीक्षा होऊन दोन दिवस झाले होते. वयाचं, योजना आली तेव्हा साडेसतरा ते एकवीस होतं, पण तुम्ही जाहिरातीत छापलेल्या जन्मतारखा बघा आणि त्यात आपण बसतो का तेवढंच बघा.

समुद्राकाठच्या पोरांना नेव्हीचं जास्त असतं, आणि २०२३ ला मालवणात नौदल दिन झाला तेव्हापासून तर विचारूच नका. पण पोहता येतं म्हणून नेव्हीत घेत नाहीत, निवडीत पोहणं नाहीच, ते ओडिशातल्या चिल्काला ट्रेनिंगमध्ये शिकवतात. एसएसआरला, म्हणजे नेव्हीच्या बारावीवरच्या भरतीला, बारावीला गणित आणि फिजिक्स लागतं आणि ५० टक्के, इथेच आपली पोरं मार खातात कारण दहावीनंतर जवळच्या कॉलेजात सायन्स नाही म्हणून आर्ट्स घेतात. दहावीत असलेल्या भावाला-बहिणीला हे आत्ताच सांगा. दहावी ५० टक्क्यांवर असेल तर एमआरला, म्हणजे दहावीवरच्या भरतीला, भरता येतं. उंची १५७, सोळाशे साडेसहा मिनिटात. जीडीला उंचीत बाद झालेल्या पोरांनी इथे नक्की बघावं. कोस्टगार्डचं पण विसरू नका, त्यात अग्निवीर नाही, नाविकची नोकरी नेहमीसारखी, वय १८ ते २२, सोळाशे सात मिनिटात, जनरल ड्युटीला बारावी गणित-फिजिक्स आणि डोमेस्टिक ब्रांचला दहावी.

मुलींना घरातून विचारतात तुझं काय काम तिकडे. आर्मीत मिलिटरी पोलीसमध्ये मुली अग्निवीर होतात, उंची १६२, सोळाशे साडेसातच्या आत पहिला गट आणि आठच्या आत दुसरा, लांब उडी १० फूट, उंच उडी ३ फूट. नेव्हीत पण जागा आहेत, तिथे सोळाशे आठ मिनिटात. माझ्याकडे दोन मुली येतात, पहाटे त्यांच्या आया बॅटरी घेऊन सड्यापर्यंत सोडायला येतात, दोघींचेही कागद पूर्ण आहेत.

पैशाचं आणि चार वर्षांचं घरच्यांना खरं सांगून जा. पहिल्या वर्षी महिन्याला ३० हजार, चौथ्या वर्षी ४० हजार, त्यातले ३० टक्के सेवानिधीत कापतात, म्हणजे पहिल्या वर्षी हातात २१ हजार. सरकार तेवढेच घालतं आणि चार वर्षांनी व्याजासकट साधारण ११ लाख ७१ हजार मिळतात. पुढे कायम होतात ते जास्तीत जास्त पंचवीस टक्के. कर्ज काढून घर बांधायचे बेत आधीच करू नका, आणि बारावी झाली असेल तर नोकरीत असताना मुक्त विद्यापीठातून डिग्री चालू ठेवा.

आणि पैसे मागणारा माणूस. दरवर्षी येतो, नाक्यावर, हॉटेलात, कुणाच्या तरी पाव्हण्याचा पाव्हणा, माझी आत ओळख आहे, निम्मे आत्ता आणि निम्मे काम झाल्यावर. त्याची युक्ती साधी आहे, तो वीस पोरांकडून घेतो, त्यातली दोन-तीन स्वतःच्या हिमतीवर लागतात, त्यांचे पैसे ठेवतो आणि बाकीच्यांना पुढच्या भरतीत बघू सांगतो. आमच्या शेजारच्या वाडीत एका आईने बागेतली कलमं गहाण टाकून दिले होते. कुणी मागितले तर पोलीस ठाण्यात जा, एकटे जायची भीती वाटली तर गावातल्या माजी सैनिकाला सोबत घ्या, आम्ही असतोच.

मेडिकलला अनफिट दिलं तर रडत घरी येऊ नका. तिथेच कागदावर कारण लिहून देतात आणि ठराविक मिलिटरी हॉस्पिटलात रिव्ह्यूसाठी जाता येतं, दिलेल्या मुदतीत गेलंच पाहिजे, एक दिवस उशीर झाला तर हक्क गेला. कारण काय लिहिलंय ते शब्दाला शब्द उतरवून घ्या.

रॅलीला जाताना आदल्या दिवशी पोचा. रिपोर्टिंग बहुतेक मध्यरात्रीनंतर असतं, आणि आपल्याला कोल्हापूर म्हणजे घाट चढून जायचं, आंबा घाट असो की गगनबावडा, पावसात कधी दरड येईल सांगता येत नाही. दुपारी एसटीत झोपून घ्या, रात्री हलकं खा, बाहेरचं तेलकट नको, भाकरी आणि चटणी घरून न्या. बूट जुनेच, पायाला बसलेले. अस्सल कागद प्लास्टिकच्या फाईलमध्ये ज्या क्रमाने प्रवेशपत्रावर लिहिलेत त्याच क्रमाने लावा, झेरॉक्स वेगळ्या पाकिटात, आणि ती फाईल गाडीच्या डिकीत टाकू नका, वरच्या रॅकवर पण नको, मांडीवर घेऊन बसा.